खटका

रात्री निजण्यापूर्वी दाराची कडी लागली आहे की नाही हे पाहायला दुसऱ्यांदा उठणारा मनुष्य प्रत्येक घरात एक तरी असतो. आमच्या घरात तो मी आहे. कडी लावून येतो, अंथरुणावर पडतो, दिवा मालवतो, आणि मग अंधारात वाटू लागते, कडी सरकवली खरी, पण ती कोयंड्यात पुरती बसली होती ना? मग मुकाट्याने पुन्हा उठतो. परत येईपर्यंत सौ. जागी झालेली असते. ती म्हणते, "एखाद्या दिवशी चोर आला, तर तो आधी तुम्हालाच विचारील, अहो, कडी नीट लावलीत ना?"

या स्वभावाची घरात पुष्कळ थट्टा झालेली आहे. गॅसचा नवा सिलिंडर आला की रेग्युलेटर मी बसवतो. तो बसताना खट् वाजतो, आणि तो वाजल्यावरही मी त्याला धरून वर ओढून पाहतो. गावाला निघताना कुलूप लावतो, ते हिसडून पाहतो, जिन्याच्या चार पायऱ्या उतरतो आणि तेच कुलूप हिसडायला पुन्हा वर जातो. थट्टेला मी कधी उत्तर दिले नाही. उत्तर होते, पण ते चारचौघांत देण्याजोगे नव्हते.

आपल्या भाषेत 'खटका' हा शब्द मोठा मौजेचा आहे. दिव्याला खटका असतो, बंदुकीला असतो, पेटीच्या झाकणालाही असतो. तो वाजला की आपण म्हणतो, काम झाले. आणि दुसरा खटका मनात असतो. तो वाजला की समजावे, काम राहिले. एकच शब्द दोन्हींकडून साक्ष देतो. शिवाय दोन माणसांचा खटका उडतो तो वेगळाच. हे तिन्ही खटके मला एकाच सकाळी भेटतील, आणि तेही जर्मनीत, असे मात्र कधी वाटले नव्हते.

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघे मुलीकडे श्टुटगार्टला गेलो होतो. जावईबापू तिथे मोटारींच्या धंद्यातच आहेत. मोटारी तयार होतात त्याच गावात त्यांची नोकरी, म्हणजे आमच्याकडे कोल्हापूरला गूळ आणि मनमाडला रेल्वे तसेच हे. सुट्टीत त्यांनी एक फिरते घर भाड्याने आणले. दोन चाकांची पांढरी खोली, आत चार माणसांची निजण्याची सोय, शेगडी, मोरी, सगळे काही. ही खोली मोटारीच्या मागे जोडायची आणि बोडनझे नावाच्या मोठ्या सरोवरावर चार दिवस जाऊन राहायचे, असा बेत होता. सौ.ने आदल्या रात्री दशम्या केल्या. परदेशात कुठेही जायचे म्हटले तरी तिच्या लेखी तो पंढरपूरचाच प्रवास असतो.

सकाळी जावईबापूंनी मोटारीच्या मागच्या पेटीतून फडक्यात गुंडाळलेला एक लोखंडी तुकडा काढला. चांगला चार-पाच किलोंचा असावा. हंसाच्या मानेसारखा बाक, आणि टोकाला लिंबापेक्षा मोठा, गुळगुळीत गोळा. त्या गोळ्यावर घराच्या पुढच्या दांडीची वाटी बसते, आणि मग ते घर मोटारीमागून वळणावर वळते, चढावर चढते. हा गोळा तिकडे सगळीकडे ५० मिलिमीटरचा असतो, त्यामुळे कोणाचेही घर कोणाच्याही मोटारीला जोडता येते. त्याचे पेटंट १९३४ साली वेस्टफालियातल्या फ्रांत्स क्नोबेल नावाच्या गृहस्थाने घेतले. म्हणजे गोळा वयाने माझ्याहून थोरला.

"पण ही मान काढून का ठेवतात?" मी विचारले.

"कायम राहिली तर नंबराच्या पाटीच्या आड येते, बाबा," जावईबापू म्हणाले. "आणि गाडीमागून जाणाऱ्याच्या नडगीला लागते. म्हणून काम झालं की काढायची, काम आलं की बसवायची."

मोटारीच्या पोटाखाली एक आडवी तुळई असते. तिला एक नळी जोडलेली असते. ही मान त्या नळीत खालून वर दाबायची. मानेला बाजूला पेल्याच्या झाकणाएवढे एक चाक असते. ते आधी बाहेर ओढून फिरवून ताणून ठेवायचे. मान नळीत पुरती गेली की आतल्या पोलादी गोळ्या बाहेर सरतात, चाक आपोआप उलटे फिरते आणि खट् आवाज होतो. बोटे मात्र त्या वेळी चाकापासून दूर ठेवावी लागतात, कारण त्याची स्प्रिंग चांगली जबर असते.

जावईबापूंनी गुडघे टेकले, मान वर दाबली. खट्!

"झालं! बसली," ते म्हणाले आणि हात झटकीत उठले.

माझ्या पोटात एकदम गोळा आला. वास्तविक त्या सकाळी ऊन सोनेरी पडले होते, नात उड्या मारीत होती, कशाचीही भीती वाटण्याचे कारण नव्हते.

"पाहिलीत का?" मी विचारले.

"आवाज आला ना, बाबा."

"आवाज आला खरा. पण पाहिलीत का?"

"बाबा, गेली बारा वर्षं मी हेच काम करतोय," ते हसून म्हणाले. पण ते हसू ओठांच्या कडेलाच थांबले. मुलीने माझ्याकडे पाहिले. सौ.नेही पाहिले. आमच्या घरी जावयाला असे चारचौघांत विचारीत नाहीत. मलाही ते कळत होते. पण तोंडातून शब्द गेला होता, आणि पुढचाही गेला: "मी वाकून पाहिलं तर चालेल का?"

खटका उडाला तो असा. मोठे भांडण नव्हे. नुसते गप्प होणे. पण सासरे-जावयांत गप्प होणे हेच भांडण.

आम्हांला सोडवले ते नातीने. नऊ वर्षांची पोर, तिला वाचायला काहीही पुरते. ती मोटारीच्या कप्प्यातून त्या मानेचे चोपडे घेऊन आली आणि जर्मनमधले वाचून आपल्या मराठीत सांगू लागली. "आजोबा, इथे चार गोष्टी लिहिल्या आहेत. चाकावरची हिरवी खूण मानेवरच्या पांढऱ्या खुणेसमोर यायला पाहिजे. लाल आली तर नाही. चाक मानेला चिकटलेलं पाहिजे, मध्ये फट नको. कुलूप लावून किल्ली बाहेर यायला पाहिजे. आणि मान जोरात हलवून बघायची. एक जरी नसेल तरी जायचं नाही. पुन्हा सगळं पहिल्यापासून करायचं."

आवाजाची गोष्ट त्या चौघांत नव्हती, हे माझ्या ध्यानात आले. मी काही बोललो नाही.

मग नातीने आणि मी मिळून पाहिले. हिरवी खूण जागेवर होती. फट नव्हती. किल्ली सुटी झाली. ही किल्ली मोठी इमानी आहे. कुलूप पुरते लागल्याशिवाय ती बाहेर येतच नाही. मान दोन्ही हातांनी धरून खाली हिसडली, ती जराही हलली नाही. जावईबापूंनी बसवली होती ती अगदी चोख बसवली होती. मला बरे वाटले आणि ओशाळल्यासारखेही झाले.

"झालं समाधान?" मुलगी म्हणाली. मी मान डोलावली.

पुढचे काम पाहण्याजोगे होते. घराच्या दांडीची वाटी गोळ्यावर बसवल्यावर दांडीच्या लहान चाकाची मूठ उलटी फिरवतात, म्हणजे ते चाक जमिनीला रेटते आणि दांडी वर उचलू लागते. तिच्याबरोबर मोटारीचा पार्श्वभागही वर उचलला गेला, तर समजायचे वाटीने गोळा घट्ट धरला आहे. मला हे फार आवडले. तोंडी विचारायचे नाही, उचलूनच पाहायचे! शेवटी एक बारीक तारेची दोरी राहते. घर चुकून सुटलेच तर ती दोरी ताणली जाते, घराचा ब्रेक ओढते आणि मग तुटते. ही दोरी मानेभोवती गुंडाळून चालत नाही, कारण मानच निसटली तर दोरीही तिच्याबरोबर जाईल. ती मोटारीच्या पक्क्या कडीला अडकवावी लागते. जावईबापूंनी ती तशीच अडकवली. मी पाहिले, पण या खेपेला तोंड मिटून पाहिले.

तिकडे मागे असे घर असले की साधारणपणे ताशी ८० किलोमीटरच्या वर जायचे नाही असा नियम आहे. त्यामुळे वाट आरामात कापली. नातीने गोष्ट मागितली. चाकांचाच विषय डोक्यात होता, म्हणून मी कैकेयीची सांगितली. आमच्या गावच्या देवळात हरिदासबुवा ती रंगवून सांगत. ऐन युद्धात दशरथाच्या रथाच्या आसाची खीळ मोडली, चाक निसटू लागले, तेव्हा कैकेयीने तिथे आपला हात घातला आणि रथ सावरला. राजाने दोन वर दिले, आणि पुढे त्या दोन वरांनी काय केले ते जगाला ठाऊक आहे. नातीने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे सारथ्याने निघायच्या आधी खीळ हलवून पाहिली असती, तर राम वनात गेलाच नसता?" जावईबापू मोठ्याने हसले. सकाळपासूनचे ते पहिले खरे हसू. मीही हसलो. पण वाल्मीकींना एवढ्या स्वस्तात अडवणे काही बरे नव्हे, असेही तिला सांगितले.

सरोवराचे वर्णन मी करीत नाही. पाणी निळे होते, पैलतीरी स्वित्झर्लंडचे डोंगर होते, आणि सौ.ने चहात आले घातले होते. रात्री नात निजल्यावर आम्ही चौघे बाहेर खुर्च्यांवर बसलो होतो. जावईबापू एकाएकी म्हणाले, "बाबा, सकाळी तुम्ही एवढे का घाबरलात? रागावून विचारत नाही. तुमचा चेहरा पाहिला म्हणून विचारतो."

त्यांनी इतक्या सरळपणे विचारले, म्हणून मी सांगितले. सौ.लाही ते तोवर ठाऊक नव्हते.

१९७६ सालचा जानेवारी. मी कॉलेजातून सुट्टीवर कृष्णाकाठच्या आमच्या गावी आलो होतो. कारखान्याचा गळीत हंगाम ऐन भरात होता. आमचा थोरला चुलतभाऊ, त्याला आम्ही सगळे अण्णा म्हणत असू, त्याने नुकताच जुना ट्रॅक्टर घेतला होता. दिवसभर तोड झालेला ऊस रात्री ट्रॉलीत भरून कारखान्यावर न्यायचा, काट्यावर नंबर लावायचा, आणि पहाटे परत यायचे. मला त्या रात्रींचे भारी आकर्षण. उसाच्या मोळ्यांवर पडून चांदणे पाहत जायचे, मग कारखान्याच्या अड्ड्यावर चहा.

ट्रॉलीच्या दांडीला पुढे एक कडे असते. ट्रॅक्टरच्या मागे खालीवर दोन पट्ट्या असतात. कडे त्या दोहोंच्या मध्ये घ्यायचे आणि वरून एक जाड पिन तिघांतून आरपार घालायची. पिनीच्या खालच्या टोकाला एक भोक असते, त्यात क्लिप घालायची. क्लिप म्हणजे वाकवलेली तार, किंमत म्हणाल तर आण्यांत. पण तीच पिनीला वर येऊ देत नाही.

त्या रात्री थंडी कडाक्याची होती. अण्णा ट्रॅक्टरवर बसला होता, मी मागे पिन घालीत होतो. पिन खाली गेली, खट् वाजली. क्लिप माझ्या बधिर बोटांतून सुटली आणि खालच्या पाचटात पडली. मी चाचपले. सापडली नाही. तेवढ्यात अण्णाने इंजिनाच्या आवाजातून ओरडून विचारले, "बसली का रं?"

पिन चांगली वीतभर लांब, जड. आपल्या वजनाने बसलेली दिसत होती. मला लवकर मोळ्यांवर चढायचे होते. मी ओरडलो, "बसली!"

न बसलेली वस्तूही पहिले काही मैल बसल्यासारखीच वागते, हीच खरी फसगत. ट्रॅक्टर ओढत असतो तोवर पिन दोहोंच्या ओढीत आवळलेली राहते. उतार लागला की ट्रॉली पुढे रेटते, ओढ ढिली पडते, आणि खड्ड्याखड्ड्यांतून पिन बोट-बोट वर येत राहते. आमच्या वाटेवर एक ओढा होता. त्यात उतरताना आणि तळच्या दगडांवरून जाताना ती किती वर आली असेल कोण जाणे. पलीकडचा चढ निम्मा चढलो आणि हिसका बसला. ट्रॅक्टर पुढे गेला, ट्रॉली मागे.

मागोमाग शेजारच्या मळ्यातल्या आबांची बैलगाडी येत होती. आबांनी उडी टाकली. एक बैल जू झुगारून निसटला. दुसऱ्याच्या पुढच्या पायावर ट्रॉलीचे चाक आले. ट्रॉली बाभळीला टेकून कलली आणि थांबली. मी उसात पडलो, मला खरचटलेसुद्धा नाही.

तो बैल तिसऱ्या दिवशी गेला. ते तीन दिवस आबा गोठ्यात त्याच्यापाशी बसून होते. मी एकदाच तिथवर गेलो. आबांनी वर पाहिले आणि मलाच विचारले, "तुला कुठं लागलं न्हाई न्हवं, पोरा?" त्यानंतर मी त्या गोठ्याकडे फिरकलो नाही.

अण्णाने गावाला सांगितले, "पिन झिजली होती, तुटली." आमच्या दावणीच्या जोडीतला एक बैल त्याने स्वतः नेऊन आबांच्या दारात बांधला. पण त्या रात्री, माणसे बैलाभोवती जमली असताना, अण्णा बॅटरी घेऊन ओढ्यात उतरला होता. मी वर काठावर उभा होतो. वाळूतून त्याने काहीतरी उचलले, बॅटरीच्या उजेडात खालीवर फिरवून पाहिले, आणि सदऱ्याच्या खिशात टाकले. पिन होती. अखंड होती. भोक रिकामे होते.

तो मला एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रॅक्टरपाशी गेलो, तो तीच पिन जागेवर होती, आणि तिच्या डोक्याला एका तारेने नवी क्लिप बांधून टाकलेली होती, पुन्हा कधी पाचटात पडू नये म्हणून. हंगाम संपेपर्यंत मी त्याच्याबरोबर जात राहिलो. पिन मीच घालीत असे, क्लिपही लावीत असे. पण अण्णा प्रत्येक वेळी इंजिन चालू ठेवून खाली उतरे, मागे येऊन वाके, पाही आणि पुन्हा चढे. "बसली का रं?" हा प्रश्न त्याने मला नंतर कधीही विचारला नाही. माझ्या लग्नात नाचला, मुलीच्या बारशाला शंभर मैल एस.टी.ने आला, शेवटच्या आजारात माझ्याच हातून पाणी प्याला. पण तेवढे मात्र विचारले नाही. मीही कधी सांगितले नाही. सांगण्याजोगे काय उरले होते? पिन त्याच्याच खिशात होती.

सांगून झाल्यावर कोणी काही बोलले नाही. सरोवरावरून वारा येत होता. सौ.ने नुसती माझ्या अंगावर शाल टाकली. त्या रात्री त्या फिरत्या घराच्या दाराची कडी मी दोनदा पाहिली, तेव्हा ती हसली नाही.

मधल्या दोन दिवसांत जावईबापूंनी ती मान काढून ठेवली होती, कारण आम्ही नुसती मोटार घेऊन गावांतून हिंडत होतो. परतीच्या सकाळी त्यांनी ती गवतावर ठेवली आणि मोटारीखाली वाकले. नात शेजारी उकिडवी बसली. मी मुद्दामच लांब, भांडी पुसत उभा राहिलो.

खट्!

थोडा वेळ शांतता. मग नातीचा आवाज: "बाबा, किल्ली येत नाहीये."

"थांब हं." जावईबापूंनी वाकून पाहिले. चाक आणि मान यांच्यामध्ये बोटाच्या नखाएवढी फट होती. त्यांनी काही न बोलता मान उतरवली. तिच्या वरच्या टोकाला किनाऱ्यावरची ओली वाळू चिकटली होती, दिसेल न दिसेल अशी. फडके घेऊन त्यांनी टोक पुसले, नळीत बोट घालून तीही पुसली, चाक पुन्हा ताणले आणि मान वर दाबली. पुन्हा खट् झाले. ऐकायला पहिल्या वेळेसारखेच, तसूभरही फरक नाही.

मग ते उठले नाहीत. गुडघ्यांवर तसेच बसून त्यांनी मागे वळून मला हाक मारली, "बाबा, जरा येता? बसली का पाहा."

मी भांडे खाली ठेवले. गुडघे आता लवकर वाकत नाहीत. मोटारीला धरून बसलो. हिरवी खूण पांढरीसमोर होती. फटीच्या जागी नख घालून पाहिले, शिरले नाही. किल्ली फिरवली, ती हातात आली. मग दोन्ही हातांनी मान धरून खाली हिसडली, एकदा, आणि सवयीने आणखी एकदा.

"बसली," मी म्हणालो.